चौघांचें एक वाद्य

१९४० सालच्या उन्हाळ्यांत इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यांत प्रीस हीथ नांवाच्या माळरानावर तंबूंची एक छावणी पडली. भोंवतीं कांटेरी तारेचें कुंपण, दारावर बंदूकधारी पहारेकरी आणि आंत शेंकडों माणसें. हीं माणसें म्हणजे लढाईंत पकडलेले शत्रूचे शिपाई नव्हते. हिटलरच्या जाचांतून जीव वांचवून जर्मनी-ऑस्ट्रियांतून जे लोक इंग्लंडच्या आश्रयाला आले होते, त्यांतलेच हे पुरुष आणि मिसरूड फुटूं लागलेलीं मुलें. त्या वर्षीं मे-जून महिन्यांत फ्रान्स कोसळला, समुद्रापलीकडून शत्रू केव्हां उतरेल याचा नेम उरला नाहीं, आणि धास्तावलेल्या सरकारनें 'शत्रुदेशीय परकीय' असा एकच शिक्का मारून हजारों निर्वासितांना कोंडून घातलें. ज्यांनीं नाझींच्या लाथा खाल्ल्या त्यांच्यावरच नाझींचे हस्तक म्हणून संशय आला! आणीबाणीच्या वेळीं राज्यकर्त्यांची विवेकबुद्धि किती लवकर पातळ होते याचें हें एक उदाहरण आहे. परंतु आजचा विषय तो नव्हे.

त्या छावणींत ऑस्ट्रियाचीं दोन मुलें एकमेकांना भेटलीं. एक नॉर्बर्ट ब्रेनिन. वय सतरा, राहणारा व्हिएन्नाचा. दुसरा पीटर शिडलॉफ. ब्रेनिनहून वर्षाच्या आंतबाहेर मोठा, व्हिएन्नाच्या उत्तरेकडील एका लहानशा गांवीं जन्मलेला. दोघेही ज्यू आणि दोघेही व्हायोलिन वाजविणारे. १९३८ च्या मार्च महिन्यांत हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला, त्याच वर्षीं दोघांनीं इंग्लंड गांठलें होतें. ब्रेनिनची सुटका लवकर झाली. शिडलॉफची रवानगी मात्र आइल ऑफ मॅन या बेटावरील ऑन्कन येथील छावणींत झाली. उन्हाळ्यांत हवा खावयास येणाऱ्या प्रवाशांसाठीं समुद्रकांठीं बांधलेलीं बिऱ्हाडघरेंच तारेनें वेढून तेथें बंदिशाळा केली होती. या बिऱ्हाडघरांत शिडलॉफला तिसरा मुलगा भेटला. त्याचें नांव सिगमुंड निसेल. हा जन्मला म्युनिकला, पण आईबाप मूळचे व्हिएन्नाचे आणि लहानपणींच तो व्हिएन्नाला परतलेला. हाही ज्यू, आणि हाही व्हायोलिनवादकच! व्हिएन्नाच्या रस्त्यांत ज्या तिघांची गांठ कधीं पडली नव्हती ती इंग्रज सरकारच्या कुंपणाच्या आंत पडली.

या छावण्यांतून प्राध्यापक, चित्रकार, वैद्य, वकील, गवई अशा सर्व तऱ्हेच्या माणसांचा भरणा होता. रिकामपण खावयास उठे, म्हणून कोणी ग्रीक शिकवी, कोणी गणित शिकवी, कोणी गाणें बसवी. हान्स गाल हा व्हिएन्नाचा नामांकित रचनाकार लिव्हरपूलजवळच्या हायटन छावणींत होता. तेथें वाजविणारे किती, तर दोन व्हायोलिनवाले आणि एक बांसरीवाला. चौथें वाद्य मिळण्याची आशा नव्हती. गालनें तेवढ्यांनाच पुरेल अशी एक रचना लिहून काढली व तिला 'हायटन सूट' असें त्या छावणीचेंच नांव दिलें. माणसें जेवढीं हाताशीं असतील तेवढ्यांतच संगीत उभें करावयाचें, हा ज्या कलाप्रकाराचा धर्म, त्याची याहून बोलकी कथा क्वचित् सांपडेल.

या कलाप्रकाराला युरोपांत 'चेंबर म्युझिक' म्हणतात. चेंबर म्हणजे दालन किंवा दिवाणखाना. ज्या अर्थानें आपल्याकडे नाटकगृहांतलें गाणें निराळें आणि बैठकींतलें गाणें निराळें, त्याच अर्थानें शेंभर वादकांच्या ऑर्केस्ट्राचें संगीत निराळें आणि हें दिवाणखान्यांतलें निराळें. ऑर्केस्ट्रांत हातीं छडी घेऊन उभा राहणारा संचालक असतो. येथें तो नसतो. आपल्या बैठकींत एक मुख्य गायक आणि बाकीचे साथीदार असतात. येथें साथीदार कोणीच नसतो, किंवा असें म्हणावें कीं चौघेही आलटून पालटून साथीदार असतात. तंतुवाद्यांच्या चतुष्कांत दोन व्हायोलिनें, एक व्हायोला आणि एक चेलो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. आकारानें थोडी मोठी, आवाजानें पांच स्वर खालची. चेलो दोन्ही गुडघ्यांत धरून वाजवावयाचा, त्याचा आवाज आणखी खर्जांतला. चौघांचे स्वर कागदावर निरनिराळे लिहिलेले असतात, आणि ते एकाच वेळीं वाजून त्यांतून जें निघतें तें चौघांपैकीं कोणा एकाचें नसतें. हायडन व मोझार्ट यांनीं अठराव्या शतकांत व्हिएन्नांत हा प्रकार नांवारूपाला आणला. १८०४ च्या सुमारास इग्नात्स शुप्पान्त्सिग या वादकानें तेथेंच तिकिटें लावून चतुष्काच्या मैफली सुरू केल्या आणि दिवाणखान्यांतलें संगीत चारचौघांत आलें. तिघां निर्वासित मुलांनीं व्हिएन्नाहून बरोबर आणलेलें धन असेल तर तें एवढेंच.

यथाकाळ शिडलॉफ व निसेल यांचीही सुटका झाली. कैदेंतील संगीतज्ञांना सोडवून आणण्यासाठीं एक समिति नेमली गेली होती आणि तिचें अध्यक्षपद राल्फ व्हॉन विल्यम्स या इंग्लंडच्या वडीलधाऱ्या रचनाकारानें घेतलें होतें, ही गोष्ट त्या देशाच्या बाजूनें नमूद केली पाहिजे. बाहेर आल्यावर मुलांच्या हातीं पैसा नव्हता. ब्रेनिन हा मॅक्स रोस्टाल या गुरूकडे पूर्वींपासून जात होता. बाकीचे दोघेही त्याच्याच दारीं आले. रोस्टाल हा कार्ल फ्लेश या थोर व्हायोलिन-शिक्षकाचा पट्टशिष्य. बर्लिन सोडून १९३४ सालीं लंडनला आलेला, म्हणजे स्वतःही निर्वासितच. त्यानें या मुलांकडून एक पैही घेतली नाहीं. युद्धाचे दिवस होते. तरुणांना दिवसां युद्धोपयोगी कामें करावीं लागत आणि उरल्या वेळांत हात चालू ठेवावा लागे. हाच क्रम चार-पांच वर्षें चालला. १९४६ सालीं ब्रेनिननें कार्ल फ्लेशच्या नांवाचें पारितोषिक मिळविलें आणि त्याच्यापुढें एकट्यानें वाजविणाऱ्या कलावंताचा राजरस्ता मोकळा झाला. तो त्या रस्त्यानें गेला नाहीं.

चौथा गडी मिळाला तो लंडनमध्येंच. मार्टिन लव्हेट हा वीस वर्षांचा चेलोवादक, बापही चेलोवादक, शिक्षण लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्यें. रोस्टालकडे शिकणारी सुझान रोझा हिच्या ओळखीनें तो या तिघांत आला, आणि पुढें तिच्याशींच त्याचा विवाह झाला. त्याच्यामागें छावणी नव्हती, पळापळ नव्हती.

आतां अडचण उघडच होती. चतुष्काला व्हायोलिनें लागतात दोन, आणि येथें व्हायोलिनवादक झाले तीन. कोणीतरी व्हायोला उचलणें भाग होतें. व्हायोलिनवाल्याला व्हायोला घ्यावयास सांगणें म्हणजे गवयाला तंबोरा धरावयास सांगण्यासारखेंच वाटतें. तिच्यासाठीं एकट्यानें वाजवावयाच्या रचना थोड्या, टाळ्या त्याहून थोड्या. आणि त्या काळीं जे व्हायोलिनवर मागें पडत ते व्हायोलाकडे वळतात असा एक कुत्सित समज वादकमंडळींत होता. शिडलॉफ हा मागें पडलेला नव्हता. त्याच्या हातचें व्हायोलिन अव्वल दर्जाचें होतें. तरी व्हायोला त्यानें उचलली आणि जन्मभर खालीं ठेवली नाहीं. या चतुष्काच्या चाळीस वर्षांच्या इतिहासांत मानसन्मानाचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण त्याचा खरा पाया या एका अदलाबदलींत आहे. व्हिएन्नाच्या परंपरेंत या गोष्टीला एक मोठा दाखलाही आहे. १७८४ च्या सुमारास तेथें एका घरगुती बैठकींत हायडन, डिटर्सडॉर्फ, मोझार्ट आणि व्हानहाल असे चार रचनाकार चतुष्क वाजवावयास बसले. मायकेल केली हा आयरिश गायक श्रोत्यांत होता व त्यानें ती हकीकत लिहून ठेविली आहे. हायडननें पहिलें व्हायोलिन घेतलें आणि मोझार्टनें व्हायोला.

ज्या इंग्लंडपुढें हे चौघे उभे राहणार होते तें युद्धापूर्वींचें इंग्लंड राहिलें नव्हतें. १९३९ च्या सप्टेंबरांत बाँबच्या भीतीनें लंडनमधील नाटकगृहें व संगीतगृहें बंद झालीं आणि नॅशनल गॅलरींतलीं चित्रें काढून दूर सुरक्षित जागीं नेलीं गेलीं. त्या उघड्या भिंतींच्या दालनांत मायरा हेस या पियानोवादक बाईंनीं १० ऑक्टोबर १९३९ पासून रोज दुपारीं संगीताचे कार्यक्रम सुरू केले. दर एक शिलिंग. कचेरींतले कारकून, रजेवरचे शिपाई, दुकानांत काम करणाऱ्या मुली येत आणि हायडन-मोझार्ट ऐकून पुन्हां कामाला जात. १९४६ च्या एप्रिलपर्यंत असे १,६९८ कार्यक्रम झाले आणि ८,२४,१५२ श्रोत्यांनीं ते ऐकले. एरवीं जें संगीत मूठभर रसिकांची चैन समजलें जाई तें बाँबवर्षावांत हजारोंची गरज झालें. शत्रूशीं लढाई चालू असतां शत्रूच्याच भाषेंतल्या रचनाकारांचें संगीत रोज वाजत होतें आणि त्यावर कोणीं बंदी घातली नाहीं, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

युद्ध संपलें तरी ही भूक शमली नाहीं. १९४६ सालीं कलांना सरकारी साहाय्य देणारी आर्ट्स कौन्सिल ही संस्था सनदेनें स्थापन झाली, आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला बी. बी. सी.नें 'थर्ड प्रोग्रॅम' हा केवळ गंभीर संगीत, नाटक व व्याख्यानें यांना वाहिलेला नभोवाणी कार्यक्रम सुरू केला. चार माणसांचें संगीत ध्वनिक्षेपकाला फार मानवतें. शेंभर वाद्यांचा गजर त्या काळच्या रेडिओच्या लहान पेटींतून चेपून येई. चार तंतुवाद्यें मात्र श्रोत्याच्या खोलींतच बसून वाजविल्यासारखीं येत. जें संगीत दिवाणखान्यांतून सभागृहांत गेलें होतें तें नभोवाणीनें पुन्हां दिवाणखान्यांत आणलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१९४७ च्या उन्हाळ्यांत डेव्हनशायरमधील डार्टिंग्टन हॉल येथें चौघांनीं प्रथम लोकांपुढें वाजविलें. तेव्हां त्यांचें नांव 'ब्रेनिन चतुष्क' असें होतें. डार्टिंग्टन येथें संगीताची व्यवस्था पाहणाऱ्या इमोजेन होल्स्ट या बाई, गुस्टाव्ह होल्स्ट या प्रसिद्ध रचनाकाराची कन्या. या पोरांचें वाजविणें ऐकून बाई केवळ शाबासकी देऊन थांबल्या नाहींत. लंडनच्या विगमोर हॉलमध्यें त्यांचा कार्यक्रम व्हावा म्हणून त्यांनीं १०० पौंड पुढें केले. कलावंताला उत्तेजन देणारे पुष्कळ असतात. सभागृहाचें भाडें देणारे थोडे.

आतां नांवाचा प्रश्न आला. एकाच्या नांवानें चौघांनीं ओळखलें जावें हें बरें दिसेना. निसेलनें मोझार्टच्या नांवांतला मधला शब्द सुचविला: अमेडिअस, म्हणजे देवप्रिय. तो सर्वांना पटला. मोझार्टचें पहिलें नांव वुल्फगँग. इंग्रजींत वुल्फ म्हणजे लांडगा आणि गँग म्हणजे टोळी. तेव्हां लंडनच्या वादकमंडळींनीं या चौघांना 'लांडग्यांची टोळी' असें लाडकें नांव ठेवलें तर त्यांत नवल नाहीं.

१० जानेवारी १९४८ रोजीं अमेडिअस चतुष्क विगमोर हॉलच्या रंगमंचावर आलें. सभागृह भरलेलें होतें. या सभागृहाची स्वतःचीही एक कथा आहे. बेखश्टाइन या जर्मन पियानो-कारखानदारानें तें बांधलें आणि १९०१ सालीं तें त्याच्याच नांवानें उघडलें. पहिल्या महायुद्धांत तें शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त होऊन विकलें गेलें आणि १९१७ सालीं नवें इंग्रजी नांव घेऊन पुन्हां उघडलें. एकदां 'शत्रूचें' ठरलेल्या घरांत एकदां 'शत्रू' ठरलेलीं मुलें वाजवावयास बसलीं, आणि त्या रात्रीं कोणाला त्यांत विसंगति दिसली नसावी. तेथून पुढें या चौघांना दुसरा धंदा पाहावा लागला नाहीं.

याचा अर्थ सुबत्ता आली असा मात्र नव्हे. आरंभींचीं वर्षें इंग्लंडच्या लहान लहान गांवांतून फिरण्यांत गेलीं. गांवोगांवीं हौशी संगीत-मंडळें होतीं. शाळेचें दालन किंवा नगरभवन मिळवावें, वर्षांतून पांच-सहा कार्यक्रम करावे, हा त्यांचा क्रम. चतुष्क त्यांना परवडे, कारण चार माणसांचें भाडें आणि चार माणसांची उतरण्याची सोय एवढाच खर्च. ऑर्केस्ट्रा जेथें पोंचूं शकत नाहीं तेथें चतुष्क आगगाडीच्या एका डब्यांतून पोंचतें. या मंडळांच्या जाळ्यावरच इंग्लंडांतलें चतुष्क-वादन जगलें.

उन्हाळी शिबिरांचें कार्य याहून महत्त्वाचें. १९४८ सालीं विल्यम ग्लॉक यानें डॉर्सेटमधील ब्रायनस्टन शाळेंत एक संगीत-शिबिर सुरू केलें. १९५३ पासून तें डार्टिंग्टनला भरूं लागलें. कसलेले वादक, शिकाऊ विद्यार्थी, निव्वळ हौशी गृहस्थ आणि गृहिणी हीं सर्व तेथें एका छपराखालीं राहत, एका पंगतीला जेवत, सकाळीं शिकत आणि रात्रीं ऐकत. अमेडिअसचे चौघे या शिबिरांत वर्षानुवर्षें येत राहिले. तेथें हौशी माणसाला जें मिळे तें तिकीट काढून मिळत नाहीं. सकाळीं स्वतःच्या हातांनीं अडखळत वाजविलेली हायडनची रचना रात्रीं तीच चार जाणत्या हातांतून ऐकली, म्हणजे ऐकणें म्हणजे काय हें कळतें. आपल्याकडील संगीत-परिषदांत गायकांची गर्दी होते. श्रोत्याला शिकविण्याची सोय मात्र अजूनही फारशी कोणी करीत नाहीं.

चौघांच्या तालमीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण खरें आयुष्य तेथेंच जातें. व्हायोलिनच्या जातीच्या वाद्याला पडदे नसतात. बोट एक केसभर सरकलें कीं श्रुति बदलते. पियानोचा स्वर बांधलेला. तेथें वाद नाहीं. पण चार बिनपडद्याचीं वाद्यें एकत्र आलीं कीं प्रत्येक स्वराची जागा चौघांनीं मिळून ठरवावी लागते, आणि तीही त्या त्या क्षणीं, कारण शेजारचा स्वर बदलला कीं आपल्या स्वराची जागाही किंचित् हलते. बांधलेल्या स्वरांच्या हार्मोनियमवर आपल्याकडे जो वाद माजला आणि ज्या वादापायीं ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं त्या वाद्याला दार बंद करून तें कित्येक वर्षें उघडलें नाहीं, तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना या श्रमाची कल्पना येईल. स्वरांइतकाच प्रश्न गजाचा. गज किती दाबावा, कोठें उचलावा, श्वास कोठें घ्यावा यावर तासन्‌तास वाद होत. चौघेही हट्टी, आणि चौघांत सम मतें पडलीं तर निवाडा करणारा कोणी नाहीं. अमेडिअसच्या तालमींतील भांडणें त्यांच्या वादनाइतकींच प्रसिद्ध होतीं. तीं भांडणें थांबलीं असतीं तर बहुधा चतुष्कही थांबलें असतें.

१९५० सालीं त्यांनीं जर्मनीचा पहिला दौरा केला. युद्ध संपून पांचच वर्षें झालीं होतीं आणि शहरें अद्याप ढिगाऱ्यांतून वर येत होतीं. हे जाणें सोपें नव्हतें. त्या काळीं ज्यू कलावंतांत या प्रश्नावर उघड दुफळी होती. आर्थर रुबिनस्टाइन या पियानोवादकानें जर्मनींत पुन्हां कधीं वाजविलें नाहीं. आयझॅक स्टर्न या व्हायोलिनवादकानें तेथें मैफल करण्याचें जन्मभर नाकारलें. उलट यहुदी मेन्यूहिन हा १९४७ सालींच बर्लिनला जाऊन फुर्टव्हेंगलरबरोबर वाजवून आला आणि छळछावण्यांतून वांचलेल्या लोकांचे कठोर शब्द त्यानें ऐकून घेतले. कोण बरोबर आणि कोण चूक, हा निवाडा दुरून करणें शोभणार नाहीं. ज्याचे आप्त गेले त्याच्या नकाराला उत्तर नाहीं. परंतु अमेडिअसची स्थिति थोडी निराळी होती. ज्या संगीतावर ते जगत होते तेंच जर्मन भाषेच्या प्रदेशांतलें होतें, आणि त्यांच्या पळून येण्याचा अर्थ हा कीं तें संगीत ज्यूंचें नव्हे असें कोणी म्हटलें होतें. तिकडे जाऊन मोझार्ट आणि बीथोव्हेन वाजविणें म्हणजे क्षमा करणें नव्हे. आपल्या वांट्याचा वारसा आपण सोडलेला नाहीं एवढें सांगणें. समोर बसलेल्या श्रोत्यांपैकीं कोणीं पांच-सात वर्षांपूर्वीं काय केलें होतें हें विचारण्याची सोय नव्हती. चौघांनीं वाजविलें, आणि जर्मनींत त्यांचें जें स्वागत झालें तें पुढें वाढतच गेलें.

इतकें कीं त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचें मुख्य घर 'डॉइचे ग्रामोफोन' ही जर्मन कंपनीच झाली. ही कंपनी १८९८ सालीं हानोव्हर येथें स्थापिली ती एमिल बर्लिनर यानें, आणि तोही जन्मानें जर्मन ज्यूच. बीथोव्हेनचीं सर्व चतुष्कें त्यांनीं १९५९ ते १९६३ या काळांत या कंपनीसाठीं मुद्रित केलीं. त्यांच्या मुद्रिकांची संख्या दोनशेंच्या वर भरते. १९५३ मध्यें अमेरिकेचा दौरा झाला आणि नंतर जगाची फेरी सुरू झाली. चाळीस वर्षांत सुमारें ४,००० कार्यक्रम, म्हणजे दर वर्षाला सरासरी शंभर! या दगदगींत प्रवासाचा आणि हिशेबाचा बराचसा भार निसेलनें वाहिला. ज्या देशानें तिघांना तारेआड ठेवलें होतें त्यानें पुढें चौघांनाही ओ. बी. ई. हा किताब दिला. जर्मनीनेंही आपलें सन्मानपदक दिलें.

त्यांच्यांत दोष नव्हते असें नाहीं. ब्रेनिनच्या व्हायोलिनचा लडिवाळ, कंप पावणारा स्वर कित्येकांना अति गोड वाटे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हायडन, मोझार्ट, बीथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स या व्हिएन्नाच्या घराण्यांत ते जितके रमले तितके आपल्या काळच्या संगीतांत रमले नाहींत. व्हिएन्नाचाच शेनबर्ग त्यांनीं दूरच ठेवला. घरून निघतांना जें उचलतां आलें तेंच जन्मभर जपावें ही निर्वासिताची वृत्ति यांत दिसते असें कोणी म्हणेल. पण त्यांना केवळ जुन्याचे पुजारी म्हणून सोडून देतां येत नाहीं, कारण बेंजामिन ब्रिटनची गोष्ट आड येते.

ब्रिटन हा इंग्लंडचा त्या काळचा अग्रगण्य रचनाकार. १९७३ सालच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याची प्रकृति ढासळली होती. १९७५ च्या अखेरीस त्यानें तीस वर्षांनीं पुन्हां चतुष्क लिहावयास घेतलें, तें अमेडिअससाठीं. त्याचा शेवटचा भाग त्यानें व्हेनिसमध्यें पुरा केला आणि रचना अर्पण केली हान्स केलर या टीकाकाराला. केलरही व्हिएन्नाचाच, आणि १९४० मध्यें त्या छावण्यांतून राहिलेला. १९७६ च्या सप्टेंबरांत चौघांनीं ब्रिटनच्या घरीं जाऊन ती रचना त्याला वाजवून दाखविली. ४ डिसेंबरला ब्रिटन वारला. १९ डिसेंबर १९७६ रोजीं स्नेप येथील सभागृहांत लोकांनीं ती प्रथम ऐकली. म्हणजे रचनाकारानें ती चौघांच्या हातून ऐकली ती खाजगींतच, एका घरांत. चेंबर म्युझिक या शब्दाच्या मूळ अर्थानें.

उतारवयांत चौघे शिकविण्याकडे वळले. १९७८ पासून जर्मनींत कोलोन येथील संगीत-विद्यालयांत त्यांनीं तरुण चतुष्कांना शिकविण्यास आरंभ केला. १९८६ पासून लंडनच्या रॉयल ॲकॅडमीमध्येंही शिक्षणवर्ग घेतले. एकेका वादकाला शिकविणें ही जुनी रीत आहे. पण चौघांना चौघांनीं शिकविणें ही गोष्ट वेगळी. पहिल्यानें पहिल्याला सांगावें, चेलोवाल्यानें चेलोवाल्याला, आणि कोणाचें ऐकावें याविषयीं गुरूंतच एकमत नसावें! विद्यार्थ्यांना त्यांतूनच उमजे कीं मतभेद ठेवूनही एकत्र वाजवितां येतें.

१९८७ च्या ऑगस्ट महिन्यांत पीटर शिडलॉफ अकस्मात् वारला. चतुष्कांत एक गेला तर दुसरा घेण्याची रीत सर्वत्र आहे. कित्येक प्रसिद्ध चतुष्कें अशीं माणसें बदलत दोन-दोन पिढ्या चाललीं. अमेडिअसला माणूस मिळाला नसता असें नाहीं; त्यांच्याच शिष्यांत व्हायोला वाजविणारे तयार होते. परंतु ब्रेनिन, निसेल व लव्हेट यांनीं जागा भरली नाहीं. १९४८ च्या जानेवारींत जे चौघे विगमोर हॉलमध्यें बसले तेच चौघे अखेरपर्यंत बसले, आणि शिडलॉफबरोबर तें नांव मिटलें. तिघांनीं शिकविणें मात्र चालू ठेवलें.

शिडलॉफ ज्या व्हायोलावर १९६४ पासून वाजवीत असे ती स्ट्रादिव्हारीची होती, १७१९ सालची. त्या कारागिराच्या हातच्या व्हायोला आज जगांत दहाबाराच उरल्या आहेत. २०१४ सालीं लंडनच्या सदबी या पेढीनें ती विक्रीस काढली आणि किमान बोली ४ कोटि ५० लक्ष डॉलर ठेवली. तेवढें देणारें गिऱ्हाईक आलें नाहीं. ब्रेनिन २००५ सालीं गेला, निसेल २००८ सालीं. चौघांत वयानें लहान असलेला लव्हेट लंडनमध्यें राहिला होता; २०२० च्या एप्रिलांत, जगावर आलेल्या साथींत, त्र्याण्णवाव्या वर्षीं तोही गेला.